गारगोटी, फेल्स्पार, झिओलाइट: टेक्टोसिलिकेट खनिजांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या शाळकरी मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना घेऊन मी अधूनमधून दगड बघायला जाते. कधी पारसिकच्या पायथ्याला, कधी खारघरच्या बाजूला. त्या दिवशी संध्याकाळी फोनवर फोटो यायला लागतात आणि खाली एकच ओळ असते, "ताई, हे काय आहे?" मग गाडी ओट्याच्या दगडावर, स्फटिकाच्या माळेवर, फिश टँकवर जाते. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट एकदाच सांगितली आहे. तिचा संबंध पुन्हा आला, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टेक्टोसिलिकेट म्हणजे काय? शाळेत तर हा शब्द कधी ऐकला नाही.

एक सिलिकॉनचा अणू आणि त्याच्याभोवती चार ऑक्सिजन, असा चार कोपऱ्यांचा एक आकार असतो. त्याला चतुष्फलक म्हणतात. जमिनीतले बहुतेक दगड याच विटेचे बांधलेले आहेत. फरक पडतो तो विटा एकमेकींना कशा जोडल्या आहेत यामुळे. सुट्या राहिल्या की गार्नेट होतो, साखळीत जोडल्या की पायरॉक्सिन, थर झाले की अभ्रक आणि शंखजिरं. आणि प्रत्येक विटेने आपले चारही कोपरे शेजारणींशी वाटून घेतले, तर वर-खाली, मागे-पुढे, आजूबाजूला पसरलेली अखंड चौकट तयार होते. ती चौकट म्हणजे टेक्टोसिलिकेट.

मुलांकडून मी हे भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक घेऊन करून घेते. थर हाताने सहज वाकतो. चौकट पूर्ण झाली की ती दाबून मोडत नाही. क्वार्ट्झ कठीण का आणि अभ्रकाचे पापुद्रे का निघतात, हे तेव्हा हातालाच कळतं.

२. सगळ्यांची चौकट सारखीच, तर क्वार्ट्झ, फेल्स्पार, झिओलाइट अशी वेगळी नावं कशाला?

क्वार्ट्झमध्ये फक्त सिलिकॉन आणि ऑक्सिजन असतात, एकास दोन. आपण त्यालाच गारगोटी म्हणतो. चौकट घट्ट, आत कोणाला जागा नाही. पण काही विटांमध्ये सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतो. त्यामुळे चौकटीवर ऋण भार येतो आणि तो फेडायला सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियम आत येऊन राहतात.

फेल्स्पारमध्ये हे भाडेकरू पागडीचे आहेत. एकदा बसले की हलत नाहीत. झिओलाइटची चौकट ऐसपैस असते, आत खोल्या, खोल्यांना जोडणारे बोळ आणि बोळांत पाणी. तिथले भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावरचे. एक बाहेर पडतो, दुसरा येतो, चौकट जागची हलत नाही. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीत आहेत, म्हणून ही लक्षात ठेवा.

३. पारसिकचा काळा दगड यात येतो का?

दगड म्हणून नाही, पण त्याचा मोठा हिस्सा येतो. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात साधारण निम्मा प्लॅजिओक्लेज फेल्स्पार असतो आणि उरलेला मुख्यतः पायरॉक्सिन. ताजा फुटलेला तुकडा उन्हात तिरका धरला, तर फेल्स्पारच्या बारीक काड्या चमकतात. घरी पाटा-वरवंटा असेल तर तोही बहुधा याच दगडाचा. फेल्स्पारचा कठीणपणा दहापैकी ६ आहे, म्हणून पाट्यावर वर्षानुवर्षं वाटण वाटता येतं. तरी तो हळूहळू गुळगुळीत होतोच, आणि त्यासाठीच टाकी लावून घ्यावी लागते.

४. दगडखाणीत काळ्या दगडाच्या आत पांढरं, गुलाबी, काचेसारखं चमकत होतं. ते हिरे आहेत का?

हिरे नाहीत, पण ते पाहायला लोक देशोदेशींहून महाराष्ट्रात येतात. ते बहुतेक वेळा झिओलाइट असतात.

लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे वर सरकतात आणि थराच्या माथ्याजवळ अडकून पडतात. दगड घट्ट झाला की तिथे पोकळ्या उरतात. पुढे गरम पाणी दगडातून झिरपतं आणि जाताजाता फेल्स्पार आणि ज्वालामुखी काच विरघळवतं. तेच सामान पोकळीत नव्या चौकटीत बसतं. म्हणजे एका टेक्टोसिलिकेटच्या मालातून दुसरं टेक्टोसिलिकेट. पोकळीच्या कडेला कधी हिरवट अस्तर दिसतं, त्यावर गारगोटीची साय आणि आत झिओलाइट किंवा कॅल्साइट, म्हणजे चुनखडकाचं खनिज.

आपल्याकडे जास्त दिसणाऱ्यांपैकी स्टिल्बाइट मध्ये आवळलेल्या पेंढीसारखा असतो, पांढरा किंवा पीच रंगाचा, अंगावर मोत्याची झाक. स्कोलेसाइटच्या सुया एका बिंदूतून पंख्यासारख्या फुटतात. ह्यूलँडाइटचे स्फटिक जाडसर, शवपेटीच्या आकाराचे. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला, तेव्हापासून हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत गेले. मनसोक्त पाहायचे असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठा.

तुर्भे, पावणे, महापे या पट्ट्यातल्या खाणींतून निघालेला माल क्रशरमध्ये गेला आणि त्याची खडी झाली. आपल्या इमारतींच्या स्लॅबमध्ये किती सुंदर पोकळ्या दळल्या गेल्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

५. घरी आणलेला पांढरा तुकडा क्वार्ट्झ, कॅल्साइट की झिओलाइट, हे कसं ओळखू?

तीन गोष्टी करा. आधी लिंबाच्या रसाचा किंवा व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. मग जुन्या काचेच्या बाटलीवर ओढून बघा. खोल, न पुसली जाणारी रेघ उठली तर क्वार्ट्झ. क्वार्ट्झचा कठीणपणा ७, काचेचा साधारण साडेपाच. बुडबुडे नाहीत, काचेवर नीट ओरखडाही नाही आणि चाकूने ओरखडा जातोय, तर झिओलाइट असण्याची शक्यता मोठी. नक्की करायला भिंगातून आकार पाहा आणि प्रश्न ४ मधल्या वर्णनाशी ताडून बघा. अपवादासाठी प्रश्न ६ वाचा.

६. दुकानात अपोफिलाइट "झिओलाइट" म्हणून विकतात. बरोबर आहे का?

नाही. अपोफिलाइट झिओलाइटच्या शेजारी, त्याच पोकळीत सापडतं आणि त्यातही पाणी असतं, म्हणून गल्लत होते. त्याची रचना मात्र थरांची आहे. स्फटिकाच्या टोकाकडून पाहिलं तर त्याचा सपाट पापुद्रा निघतो तिथे मोत्यासारखी चमक दिसते. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंशार कॅव्हन्साइटही थरांचंच, पण ते ज्या स्टिल्बाइटवर बसलेलं असतं ते खरं झिओलाइट.

७. मुलाने आणलेला पांढरा स्फटिक पंधरा दिवसांत भुगा झाला. आम्ही काय चुकलो?

काही चुकलं नाही. तो बहुधा लॉमोंटाइट होता. हे झिओलाइट दगडात ओलं असेपर्यंत घट्ट असतं. कोरड्या हवेत त्याच्या चौकटीतलं थोडं पाणी उडतं, चौकट आवळते आणि स्फटिक तडकत जातो. माझ्याकडच्या एका नमुन्यावर आधी केसाएवढ्या आडव्या रेषा आल्या, मग नुसत्या बोटाने पीठ पडायला लागलं. हे डिसेंबरात घडलं. पावसाळ्यात तोच तुकडा महिनाभर शाबूत होता.

बाकीची बहुतेक झिओलाइट्स पाणी गेलं तरी टिकतात आणि पुन्हा पाणी शोषतात. नावही त्यावरूनच पडलं. १७५६ साली स्वीडनच्या क्रोन्स्टेटने असा एक दगड तापवला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. "उकळणारा दगड" या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून झिओलाइट.

८. सापडलेला दगड घरी नेला तर कोणी काही म्हणेल का?

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि पारसिकच्या काही भागात वनजमीन आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे जंगलातले दगड आणि खनिजंही वनोपज आहेत, परवानगीशिवाय उचलता येत नाहीत. तिथे फोटो काढा, दगड जागेवर ठेवा. खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. पाणी साचलेले खड्डे खोल असतात आणि सुरुंगाने सैल झालेला कडा कधी सुटेल सांगता येत नाही. बांधकामाच्या खडीच्या ढिगात विचारून शोधलं तरी पुष्कळ सापडतं. मुलांना मी तिथूनच सुरुवात करायला लावते.

९. स्वयंपाकघराच्या ओट्याला ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, मार्बल की कडप्पा? कशावर डाग पडत नाही?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्स्पार असतात, दोन्ही चौकटवाले, जोडीला थोडं अभ्रक. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचा त्यावर परिणाम होत नाही. सुरी ओढली तर सुरीच बोथट होते. पण दाण्यांच्या मधल्या फटींतून हळद आणि तेल आत झिरपतं, फिकट रंगात ते दिसतं. त्यासाठी सीलर मारून घ्यावा लागतो.

बाजारात "ब्लॅक ग्रॅनाइट" म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. तो गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे आपल्या बेसाल्टचाच जाड दाण्यांचा नातेवाईक. यात फसवणूक झाली असं समजू नका, ओट्याला तो उत्तम.

मार्बल म्हणजे कॅल्साइट. त्यावर लिंबू पडलं की चकाकी जाते, ती घासून परत येत नाही. जुन्या ठाण्यातल्या घरांत दिसणारा काळा कडप्पाही चुनखडकच आहे आणि कोटाही. ओटा ब्लॅक ग्रॅनाइटचा की कडप्प्याचा, अशी शंका असेल तर कोपऱ्यात, जिथे दिसणार नाही तिथे, लिंबाचा थेंब पाच मिनिटं ठेवा. पुसल्यावर मंद डाग उरला तर कडप्पा.

"क्वार्ट्झ" नावाचा ओटा कारखान्यात होतो. सुमारे ९० टक्के क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी रेझिन. डाग पडत नाहीत, पण गॅसवरून उतरवलेला तवा किंवा कुकर थेट ठेवला की रेझिन पिवळं पडतं. दगड सोसतो, चिकटवणारं सोसत नाही. माझं मत विचाराल तर रोज फोडणी, रोज कुकर असलेल्या मराठी स्वयंपाकघराला काळा दगड बरा. आणि क्वार्ट्झचा ओटा घेण्याआधी पुढचा प्रश्न जरूर वाचा.

१०. शेजारी ओटा कापतायत, सगळीकडे पांढरी धूळ आहे. ती घातक असते का?

हो. क्वार्ट्झची अगदी बारीक धूळ फुप्फुसात खोल जाते आणि तिथून निघत नाही. तिच्यामुळे सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. तुमच्यापेक्षा कितीतरी पटीने धोका त्या कापणाऱ्या मुलाला आहे, कारण तो रोज हेच करतो. क्वार्ट्झ ओट्यामध्ये क्वार्ट्झचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. कापणाऱ्या कामगारांना होणाऱ्या आजारामुळेच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली.

आमच्या मजल्यावर काम निघालं तेव्हा एक विशीतला मुलगा पॅसेजमध्ये तोंडाला रुमाल बांधून कोरडं कटिंग करत होता. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. रुमालातून ही धूळ सहज आत जाते. तुम्ही काम देताना तीन गोष्टी ठरवून घ्या: माप घेऊन कटिंग शक्यतो कारखान्यातच व्हावं, जागेवर कापावं लागलं तर पाणी सोडून ओलं कापावं, आणि कामगाराला एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क मिळावा. धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. याचा खर्च फार येत नाही.

गारगोटीचा खडा हातात घेऊन काही होत नाही, हेही सांगते. धोका श्वासातून जाणाऱ्या धुळीचा आहे.

११. घड्याळावर "क्वार्ट्झ" लिहिलेलं असतं. आत खरंच गारगोटी असते?

असते, तांदळाच्या दाण्याहून लहान, चिमट्याच्या आकाराची. क्वार्ट्झला दाबलं की वीज निर्माण होते आणि वीज दिली की तो कंप पावतो. हे क्युरी बंधूंनी १८८०-८१ मध्ये दाखवलं. घड्याळातला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावेल असाच कापलेला असतो. या आकड्याला पंधरा वेळा निम्मं केलं की एक उरतो, तोच काट्याचा एक सेकंद. पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ १९६९ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलं. हा क्वार्ट्झ खाणीतला नसतो. शुद्ध आणि एकसारखा हवा म्हणून तो कारखान्यात बंद भांड्यात, मोठ्या दाबाच्या गरम पाण्यात वाढवतात.

१२. मग गॅसच्या लायटरमध्येही क्वार्ट्झच का?

तत्त्व तेच, खडा वेगळा. लायटरमध्ये शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम असलेलं सिरॅमिक असतं. ते सिलिकेटच नाही.

१३. स्फटिकाची माळ खरी की काचेची?

भिंगातून मण्यात पाहा. गोल बुडबुडे दिसले तर काच. मणी मोठा असेल तर त्यातून कागदावरची बारीक रेघ पाहत तो हळूहळू फिरवा. क्वार्ट्झमध्ये काही दिशांना रेघ दुहेरी दिसते, काचेत कधीच नाही. "गार लागतो तो खरा" ही कसोटी कच्ची आहे, एसीच्या दुकानात काचही गार लागते. कारखान्यात वाढवलेला क्वार्ट्झ मात्र घरी ओळखता येत नाही, कारण खनिज म्हणून तो क्वार्ट्झच आहे.

१४. घोडबंदरला टँकरचं पाणी आलं की कपड्यांना फेसच येत नाही. वॉशिंग पावडरमधलं झिओलाइट इथे काय करतं?

धरणाचं पाणी बहुतांशी मऊ असतं. बोअरवेलचं पाणी दगडातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं, ते साबणाला धरून बसतात आणि फेस मरतो. टँकरमध्ये पुष्कळदा हेच पाणी असतं. काही पावडरींमध्ये कारखान्यात केलेलं झिओलाइट-ए घालतात. त्याच्या खोल्यांत सोडियम राहत असतो. कॅल्शियम आला की तो आत शिरतो आणि सोडियम बाहेर पडतो. प्रश्न २ मधला करार आठवा. पूर्वी हे काम फॉस्फेट करायचं, पण ते नाल्यांतून खाडी-तलावांत जाऊन शेवाळ माजवतं.

झिओलाइट पाण्यात विरघळत नाही. काळ्या कपड्यावर कधी पांढरी पूड दिसते ती काही वेळा हीच असते. एकदा जास्त खळबळून घ्या. सोसायटीच्या सॉफ्टनरमध्ये मीठ घालतात त्यामागेही हाच हिशेब: भरपूर सोडियम देऊन अडकलेला कॅल्शियम हुसकून लावायचा. हल्लीच्या सॉफ्टनरमध्ये मात्र झिओलाइटऐवजी रेझिन असतं.

१५. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सोसायटीत पडून आहे. अजून चालेल का?

तपासल्याशिवाय रुग्णाला लावू नका. या यंत्रात झिओलाइटचे बारीक मणी असतात. दाबाखाली हवा आत सोडली की नायट्रोजन त्यांच्या पोकळ्यांत अडकतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब सोडला की नायट्रोजन बाहेर. आर्गॉन वेगळा होत नाही, म्हणून ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या आसपास थांबतो.

अडचण अशी, की झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी जास्त आवडतं. चार पावसाळे यंत्र बंद पडलं असेल तर मण्यांनी ओल धरलेली असू शकते. यंत्र घरघरतं, हवाही येते, पण ती जवळपास साधी हवाच असते. तंत्रज्ञाकडून ऑक्सिजनची टक्केवारी मोजून घ्या आणि पुढे दर महिन्याला थोडा वेळ चालवत जा.

१६. फिश टँकमध्ये झिओलाइट घातलं, तरी मासे का मेले?

आधी सांगा, माशांना औषध म्हणून मीठ घातलं होतं का? झिओलाइट गोड्या पाण्यातला अमोनिया धरून ठेवतं. पाण्यात भरपूर मीठ आलं की सोडियम आत घुसतो आणि साठलेला अमोनिया एकदम पाण्यात सुटतो. मीठ घालण्याआधी झिओलाइट बाहेर काढायचं, हा नियम. समुद्री टँकमध्ये ते अमोनियासाठी याच कारणाने निरुपयोगी. वापरलेलं झिओलाइट वेगळ्या बादलीत मिठाच्या पाण्यात दिवसभर ठेवून, खळखळून धुऊन पुन्हा वापरता येतं.

१७. गॅलरीतल्या कुंड्यांत झिओलाइट घालू का? नर्सरीवाला पर्लाइटही तेच म्हणतो.

तेच नाही. पर्लाइट ही फुगवलेली ज्वालामुखी काच आहे, ती माती मोकळी करते. व्हर्मिक्युलाइट थरांचं आहे. झिओलाइट खतातला अमोनियम आणि पोटॅशियम धरून ठेवतं आणि मुळांना हळूहळू देतं. आपल्या पावसात कुंडीतलं खत धुऊन जातं, तिथे मूठभर घातल्याचा फायदा होतो. स्वतः ते खत नाही.

१८. कपड्यांची नीळ आणि लॅपिस लाझुली यांचा संबंध असतो म्हणे?

पुडीतली निळी भुकटी अल्ट्रामरीन असेल तर अगदी सख्खा. लॅपिसचा निळा रंग देणारं लाझुराइट हे टेक्टोसिलिकेटच आहे. त्याच्या चौकटीच्या पिंजऱ्यात गंधकाचे तीन-तीन अणू अडकलेले असतात आणि निळाई त्यांचीच. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला हा दगड दळून युरोपातले चित्रकार रंग करायचे, फार महाग पडायचा. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे यांनी तो चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भाजून बनवला आणि नीळ घराघरांत आली.

खिडकी उघडी ठेवून चिमूटभर भुकटीवर लिंबू पिळा. निळा रंग विरतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो, कारण पिंजरा मोडून गंधक बाहेर पडतं. बाटलीतली पातळ नीळ बहुधा वेगळा रंग असते, तिला हे लागू नाही. नीळीच्या झाडाच्या रंगालाही नाही.

१९. फेल्स्पारचा घरात उपयोग काय?

कपबशा, वॉश बेसिन, टाइल्स. भट्टीत तो आधी वितळतो आणि मातीचे कण एकमेकांना चिकटवतो. चंद्रकांत मणीही फेल्स्पारच.

२०. काच, सिलिका जेल, ओपल हे पण टेक्टोसिलिकेट का?

माल तोच, पण चौकट विस्कटलेली. विटा जोडलेल्या असतात, ओळीत मात्र नसतात. म्हणून काच आणि पर्समधल्या पुडीतलं सिलिका जेल ही खनिजं नाहीत. ओपल खडकात सापडतो, तरी त्याच्यातही नियमित चौकट नाही. आपल्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ फार थोडा, त्यामुळे काचेची वाळू इथल्या खाडीत मिळत नाही. त्यासाठी सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंडा भागाकडे जावं लागतं.

२१. "शरीर शुद्ध करणारी" झिओलाइट पावडर विकतात. घ्यावी का?

घेऊ नका. जे खनिज एक आयन घेऊन दुसरा सोडतं, ते तुमच्या पोटात काय घेईल आणि काय सोडेल हे तुम्ही ठरवू शकत नाही. त्या डब्यात कोणतं झिओलाइट आहे हेही तुम्हाला तपासता येत नाही. झिओलाइटांपैकी एरिओनाइट हे तंतुमय आहे. तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियात काही गावांची घरं ते असलेल्या दगडात होती, आणि तिथे ॲस्बेस्टॉसमुळे होतो तसल्याच, फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने माणसं गेली.

शोकेसमधल्या स्कोलेसाइटला भिऊ नका, तो एरिओनाइट नव्हे. तरी सुयांचा कुठलाही नमुना बोटाने चुरडू नका, फुंकर मारून साफ करू नका. झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवा आणि मुलांना डबीतूनच भिंगाने पाहू द्या.